बरबड्याचं बी, एल्मची पानं

युनिव्हर्सिटीच्या ई-मेलमध्ये ‘तोंडी परीक्षेला व्हानाउचं स्वागत आहे’ असं एक साधं वाक्य होतं. संघमित्रानं ते फोनवर सरितावहिनीला वाचून दाखवलं आणि तिथंच फसली. व्हानाउ म्हणजे माओरीत कुटुंब. युनिव्हर्सिटीच्या मनात धीर द्यायला आलेला एखादा नवरा, एखादी आई, फार तर एखादी जिवलग मैत्रीण असावी; अशा माणसानं कोपऱ्यात बसायचं आणि तोंड मिटून ठेवायचं. पण वाघमाऱ्यांना कुटुंब म्हणून बोलावलं की यच्चयावत वाघमारे येतात, आणि रिकाम्या हातानं येत नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी पामर्स्टन नॉर्थमधल्या तिच्या छोट्याशा युनिटपुढं विराजची गाडी थांबली. वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटहून दोन तास गाडी हाकून तिचा थोरला भाऊ आला होता, त्याची बायको सरिता, त्यांची चौदा वर्षांची सानिका आणि सगळ्यांत शेवटी, दार हळूच लावून उतरलेले बाबा, यादवराव. त्यांच्यामागोमाग डिकीतून डबे निघायला लागले ते संपेचनात.

"वहिनी, उद्या तिथं पंगत नाहीये," संघमित्रा म्हणाली. "परीक्षा आहे."

"मग परीक्षा काय उपाशीपोटी देणारेस? धपाटे आहेत, दही आहे, येसरची आमटी आहे. परीक्षकांनाही पुरेल."

"त्यातल्या एक बाई कॅनडात आहेत. स्क्रीनवर येणार आहेत."

"बिचाऱ्या," सरिता म्हणाली आणि डबे आत न्यायला लागली.

संघमित्रा हसली. पाच वर्षांपूर्वी वेलिंग्टनची चांगली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून तिनं हा उद्योग मांडला होता: बाराशे तीस साली रशियातल्या नोवगोरोद शहरात पडलेला दुष्काळ. सप्टेंबरातल्या एका रात्रीच्या हिमानं उभं पीक जाळलं. त्यानंतर इतकी माणसं मेली की तिथल्या धर्मगुरूनं एका चर्चपाशी मोठा खड्डा खणवला आणि रस्त्यांवरची प्रेतं घोड्यावर घालून आणायला एक भला माणूस नेमला. तीन हजारांवर माणसं त्या एका खड्ड्यात गेली आणि तो भरल्यावर आणखी खड्डे खणावे लागले. त्या मेलेल्यांपैकी कुणाचंही नाव उरलं नाही. नातेवाइकांना हे सांगितलं की ते विचारत, रशियातले मेलेले आपले कोण लागतात गं? तिला ते आपले वाटत, एवढंच.

गेल्या वर्षी प्रबंध परत आला होता. कॅनडाच्या बाईंचा आक्षेप एकाच जागी होता, पण ती जागा घराच्या खांबासारखी होती. तिथल्या बखरकारानं लोकांनी काय काय खाल्लं ते लिहून ठेवलंय: शेवाळ, पाइन, लिंडनची साल, एल्मची पानं. संघमित्रानं या चार शब्दांवर अख्खा प्रबंध उभा केला होता, की ही खऱ्या चुलीवरची यादी आहे, यावरून लोक कसे जगले आणि कसे मेले ते कळतं. बाईंचं म्हणणं, असल्या याद्या धर्मग्रंथांच्या थाटात सजावटीसाठी लिहितात, ही खरी कशावरून? दुरुस्ती करून पुन्हा सादर करा. ही संधी शेवटची होती. या वेळी जमलं नाही तर डॉक्टरेट नाही, पाच वर्षांवर पाणी सोडायचं आणि मास्टर्सच्या पदवीवर गप्प बसायचं.

आणि उत्तर तिच्याजवळ होतं, हेच तर दुखणं. बीडच्या श्यामलाआत्यानं ते व्हिडिओ कॉलवर दिलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात वाघमाऱ्यांच्या घरात काय शिजलं, ते आत्यानं बोटांवर मोजून सांगितलं. आजूबाजूच्या गावांतल्या तीन म्हाताऱ्यांनाही तिनंच फोनवर आणलं. संघमित्रानं त्यावर एक प्रकरण लिहिलं. मग बाबांना विचारलं. बाबांनी एकच वाक्य उच्चारलं: "माझ्या आईची भूक तुझ्या परीक्षेत नको." तिनं शब्द दिला आणि प्रकरण काढून टाकलं.

जेवताना सरितानं तो विषय काढलाच. ती कुठलाही विषय राहू देणाऱ्यांतली नव्हती.

"बाबा, उद्या त्या बाई तेच विचारणार. हिनं काय सांगायचं?"

यादवराव धपाट्याचा तुकडा दह्यात बुडवत होते. "पुस्तकात असंल ते सांगायचं."

"पुस्तकात नाहीये ना. श्यामलाआत्यांकडं आहे. तुमच्याकडं आहे."

"सरिता, प्लीज," विराज म्हणाला. "बाबांनी एकदा नाही म्हटलंय ना? मग इट्स अ नो. सगळ्या जगासमोर आपण काय गवत खाऊन दिवस काढले, हे कशाला सांगायचं? ऑफिसात मला लोक विचारतील."

"विचारू देत की! तुझ्या आजीनं पोरं जगवली. लाज कसली?"

"लाज तुला काय कळणार?" बाबा शांतपणे म्हणाले. "तू पाहिलंस का ते?"

सरिताचे कान लाल झाले. संघमित्राला माहीत होतं, बाबा कशाबद्दल बोलताहेत. बारा वर्षांचा यादव तालुक्याच्या वसतिगृहात शिकायला गेला, तेव्हा बरोबरीच्या पोरांना कुणीतरी सांगितलं की याच्या घरी बरबड्याचं बी दळून भाकरी करतात. बरबडा म्हणजे रानातलं तण. त्या दिवसापासून दहावी होईपर्यंत त्याचं नाव ‘बरबड्या’. पुढं तो इंजिनियर झाला, पाटबंधारे खात्यात मोठा साहेब झाला, गावोगावी पाणी नेलं, पण बहात्तर साल त्यानं घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

"वहिनी, राहू दे," संघमित्रा म्हणाली. "मी शब्द दिलाय. मी दुसऱ्या मार्गानं सांगेन."

बाबांनी ताटातला शेवटचा कण बोटानं टिपून खाल्ला. ताट इतकं लख्ख झालं की धुवायची गरज नव्हती. मग ते उठले, ताट स्वतः घासलं आणि बाहेर अंगणात, अजून उन्हं होती तिथं, जाऊन बसले.

भांडी पुसताना विराज तिच्या बाजूला येऊन उभा राहिला. टॉवेल हातात धरून बराच वेळ एकच वाटी पुसत होता.

"मी मघाशी त्यांच्या बाजूनं बोललो," तो म्हणाला.

"ऐकलं मी."

"म्हणजे, मला त्यांना एकटं पाडायचं नव्हतं गं. आई गेल्यापासून सरिता, तू, सानिका, तुम्ही तिघी एका बाजूला असता. पण तू फेल झालीस ना, तर मी त्यांना कधी माफ करीन असं वाटत नाही. सांगितलंय मी त्यांना, आत्ता, अंगणात."

"काय म्हणाले?"

"काही नाही. विचारलं, सकाळी किती वाजता निघायचंय."

---

शुक्रवारी सकाळी त्या सेमिनारच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. संयोजक बाई माओरी होत्या, करड्या केसांच्या, हसऱ्या. दारातून चार वाघमारे आणि पिशव्या येताना पाहून त्या क्षणभर थबकल्या, मग स्वतः शेजारच्या खोलीतून दोन खुर्च्या उचलून आणल्या आणि माओरीत स्वागत केलं. "किया ओरा, किया ओरा! हे तर खरंच व्हानाउ दिसतंय." मग त्यांनी नियम सांगितला: कुटुंबानं ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही, शेवटी मात्र कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोलावं, तशी इथली रीत आहे.

सानिकानं हळूच आजोबांच्या कानात मराठीत भाषांतर केलं, जे ती एरवी कधीच करत नसे. यादवरावांनी मान डोलावली. कोट घातला होता त्यांनी. फेब्रुवारीच्या उकाड्यात कोट.

संयोजक बाईंनी माओरीत छोटी प्रार्थना म्हटली आणि परीक्षा सुरू झाली. इथले परीक्षक, जाड भिंगाचा चष्मा लावणारे एक गृहस्थ, सोपे सोपे प्रश्न विचारत राहिले. धान्याचे भाव, रस्त्यांची नावं, आग लागली ते वर्ष. संघमित्रा फडाफडा उत्तरं देत गेली. विराजचा गुडघा हलायचा थांबला. सरितानं पिशवीवरचा हात सैल केला.

मग पडद्यावरच्या कॅनडाच्या बाई पुढं झुकल्या. वयानं साठीच्या, आवाज मऊ. दुष्ट असत्या तर सोपं गेलं असतं, संघमित्राला वाटलं. पण या बाईंनी प्रबंध ओळ न् ओळ वाचला होता.

"तुमचं काम मला आवडलं," त्या म्हणाल्या. "म्हणूनच माझी अडचण कायम आहे. ती यादी. शेवाळ, पाइन, लिंडनची साल, एल्मची पानं. दुष्काळाचं वर्णन करताना मठातला माणूस असं लिहितोच. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा म्हणून. ही माणसं खरंच हे खात होती, हे मी का मानू?"

संघमित्रानं तयार केलेलं उत्तर दिलं. इतर बखरींशी तुलना. लिंडनच्या सालीतला पिष्टाचा अंश. उत्खननात सापडलेल्या बिया. ती बोलत होती आणि आपल्याच बोलण्यातला पोकळपणा तिला ऐकू येत होता. हे सगळं ‘खाता येतं’ एवढंच सांगत होतं, ‘खाल्लं’ हे सांगत नव्हतं.

"हो, पण हे मागच्या वेळीही होतं," बाई खरंखुरं वाईट वाटून म्हणाल्या. "याहून काही आहे का तुमच्याकडं?"

होतं. जिभेवर होतं. तिनं दात आवळले. चष्मेवाल्या गृहस्थांनी काहीतरी टिपून घेतलं. बाहेरून गवत कापायच्या यंत्राचा आवाज आत आला. आता गेलं, तिला वाटलं. पाच वर्षं गेली. आणि तरीही तिनं मागं वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर ते मागणं झालं असतं.

"सांग."

एकच शब्द, मागून. तिनं वळून पाहिलं. यादवराव खुर्चीतून उठून उभे राहिले होते, कोटाची बटणं लावलेली, शाळेत साहेब आल्यावर पोरगं उभं राहावं तसे.

"सांग गं. काय बघायलीस? श्यामलानं सांगितलंय ते सगळं सांग."

"बाबा, खाली बसा," विराज पुटपुटला आणि मग स्वतःच उभा राहिला. का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

संयोजक बाईंनी हात वर केला. "माफ करा, पण मध्ये बोलता येत नाही. यांनी काय सांगितलं? उत्तर सांगितलं का?"

"नाही," संघमित्रा म्हणाली. "परवानगी दिली."

संयोजक बाईंनी यादवरावांकडं पाहिलं, मग पडद्याकडं. कॅनडाच्या बाईंनी मान हलवली. "चालू द्या."

आणि मग संघमित्रा बोलली. कागदाकडं न पाहता बोलली.

"माझे वडील बारा वर्षांचे असताना आमच्या भागात दुष्काळ पडला. मी त्यांच्या बहिणीला आणि आजूबाजूच्या गावांतल्या तीन म्हाताऱ्या बायकांना विचारलं, तुम्ही काय खाल्लं? त्या तिघी एकमेकींना ओळखत नाहीत. एकीनंही ‘झाडपाला खाल्ला’ असं म्हटलं नाही. सगळ्या म्हणाल्या, बरबड्याचं बी आणि तरोट्याचा पाला. बरबड्याचा पाला नाही, बी. तरोट्याचं बी नाही, पाला, आणि तोही कोवळा, फूल यायच्या आत. कुठल्या झाडाचं काय, हे त्यांना आजही पाठ आहे, कारण चुकलं की पोरं ओकत होती. त्याच दुष्काळावर त्याच भागात शिकलेल्या माणसांनी जे लिहिलं ते मी वाचलंय. ज्यांच्या घरी धान्य होतं, त्या सगळ्यांनी लिहिलंय, लोक झाडपाला आणि गवत खात होते."

तिनं पडद्यावरच्या बाईंकडं पाहिलं.

"धर्मग्रंथाच्या थाटात लिहिणारा माणूस गवत लिहितो. मुळं लिहितो. त्याला शोभा आणायची असते, त्याला झाडाचं काय पडलंय? आमचा बखरकार लिहितो, लिंडनची साल आणि एल्मचं पान. लिंडनचं पान का नाही? एल्मची साल का नाही? शोभेसाठी कुणी एवढं नेमकं लिहीत नाही. ते त्यानं कुणाच्या तरी तोंडून ऐकलंय, जिनं ते शिजवलंय. किंवा त्यानं स्वतः खाल्लंय. मॅडम, तिथला दुष्काळ आणि आमचा दुष्काळ एक आहे असं मी म्हणत नाही. भुकेलेला माणूस जेवणाबद्दल कसा बोलतो, ते मला माझ्या घरात ऐकायला मिळालं, आणि आठशे वर्षांपूर्वीच्या त्या ओळीत मला तोच आवाज ऐकू आला."

कॅनडाच्या बाई तशाच पुढं झुकलेल्या होत्या. पडदा गोठला की काय असं वाटून संयोजक बाईंनी माउस हलवला. मग बाईंनी चष्मा काढला.

"तीस वर्षं मी ती ओळ शिकवते आहे," त्या म्हणाल्या. "साल कुठली आणि पान कुठलं, याकडं मी कधी पाहिलंच नाही. हे प्रबंधात का नाही?"

"शब्द दिला होता."

"आता घालाल?"

संघमित्रानं मागं पाहिलं. यादवराव अजून उभेच होते. त्यांनी इंग्रजीत, सरकारी साहेबाच्या जुन्या दणक्यात उत्तर दिलं, "येस मॅडम. शी विल."

---

निकालासाठी सगळ्यांना बाहेर कॉरिडॉरमध्ये काढलं. सरिता संघमित्राचा हात धरून उभी होती, तोही इतका घट्ट की बोटं पांढरी पडली. दार उघडलं, संयोजक बाई बाहेर आल्या आणि काही बोलायच्या आधीच त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. किरकोळ दुरुस्त्या, एक प्रकरण वाढवायचं, आणि अभिनंदन, डॉक्टर वाघमारे.

"चर, आत्याऽऽ!" सानिका तिथल्या पोरांच्या शाबासकीच्या बोलीत इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या ऑफिसांतून माणसं बाहेर डोकावली. "यू स्मॅश्ड इट! सिरियसली, हीप्स गुड!" विराज रडत होता आणि ते लपवण्यासाठी सगळ्यांचे फोटो काढत होता. त्यातला एकही नीट आला नाही. सरितानं नणंदेला मिठी मारली आणि मग, कुणाचंही लक्ष नसताना, सासऱ्यांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला अर्ध्यातच उठवलं. "कालचं मनात ठेवू नको," ते म्हणाले. "तू बरोबर होतीस. मला कळत होतं, पण वळत नव्हतं."

पुन्हा आत गेल्यावर संयोजक बाईंनी विचारलं, कुटुंबातर्फे कुणाला बोलायचंय का? यादवराव पुढं आले. ते मराठीत बोलले आणि संघमित्रानं एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. शेवटपर्यंत ते तिला नीट जमलं नाही.

"माझं नाव यादव वाघमारे. मला शाळेत बरबड्या म्हणत. मला ते नाव लपवायचं होतं, म्हणून मी बहात्तर सालच लपवलं. त्यात आणखी एक नाव लपून गेलं. माझी धाकटी बहीण. सुंदरा. तीन वर्षांची. आम्हाला बरबडा पचला, तिला पचला नाही. माझ्या पोरांनाही तिचं नाव माहीत नव्हतं. श्यामलालाही मी बोलू दिलं नाही."

विराजनं फोन खाली केला. सरितानं तोंडावर पदर घ्यावा तशी ओढणी घेतली. संघमित्राला भाषांतर करायचं भान राहिलं नाही. पण ‘सुंदरा’ हे नाव पडद्यावरच्या बाईंनाही कळलं. त्यांनी ते हळूच उच्चारलं.

"आम्ही बौद्ध लोक मेलेल्या माणसांसाठी पुण्यानुमोदन करतो," यादवराव पुढं म्हणाले. "आपल्या हातून काही चांगलं घडलं असंल तर ते त्यांच्या नावानं द्यायचं. आज माझ्या लेकीनं चांगलं काम केलं. ते मी सुंदराला देतो. आणि त्या गावच्या खड्ड्यातल्या सगळ्यांना देतो. त्यांची नावं मला माहीत नाहीत, पण आता ते आमचे लागतात."

"साधू, साधू, साधू," विराज अनुमोदन देत म्हणाला, आणि सरिता म्हणाली, आणि एरवी इंग्रजीशिवाय तोंड न उघडणारी सानिका सगळ्यांत मोठ्यानं म्हणाली. संयोजक बाईंनी डोळे मिटून मान लववली. चष्मेवाल्या गृहस्थांनी, काय करायचं ते न कळून, हात जोडले.

सरितानं तेवढ्यात टेबलावरचे कागद बाजूला सारून डबे मांडायला घेतले होते. कुणी तिला अडवलं नाही. येसरचा वास खोलीभर झाला.

यादवराव खुर्चीवर बसले. कोट काढला, नीट घडी घालून खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग त्यांनी लेकीला जवळ बोलावलं.

"संघा, त्या गावात पुढं काय झालं गं? धान्य आलं का शेवटी?"

पाच वर्षांत त्यांनी त्या शहराबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता. ती त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसली.

"आलं, बाबा. दुसऱ्या वर्षी समुद्रापलीकडून परक्या लोकांची जहाजं आली. धान्य घेऊन, पीठ घेऊन. बखरकारानं लिहिलंय, त्यांनी फार भलं केलं."

"आमच्याकडंबी आली होती," ते म्हणाले. "लाल मिलो ज्वारी. अमेरिकेची. कडू लागायची, पण खाल्ली." त्यांनी डब्यांकडं पाहिलं. मग त्यांनी पडद्याकडं बोट केलं. "त्या बाईंना म्हणावं, तुम्हीबी घरात असंल ते काहीतरी घेऊन या. आम्ही थांबतो."

कॅनडाच्या बाई उठून गेल्या. पडद्यावर नुसती रिकामी खुर्ची दिसत होती, आणि इकडं सगळे हात आवरून थांबले. बाई परत आल्या त्या पावाचा तुकडा आणि लोण्याची डबी घेऊन.

"हां," यादवराव म्हणाले. "चला, आता जेवू या."